दोनदा बसवावी लागते

माझ्या नाकावर राग असतो, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे मी जे केलं ते ऐकून कुणाला नवल वाटायला नको.

आमच्या भागात कुणाचा कॉम्प्युटर रुसला की डबलकाकांना बोलवायचं. साठी उलटलेला शिडशिडीत माणूस. टेलिफोन खात्यात लाइनमन होते. बायको दहा वर्षांपूर्वी गेली, मूलबाळ नाही. कॉम्प्युटर आपले आपणच शिकले. खांद्याला कापडी पिशवी, तिच्यात डिस्कांचं पाकीट, दोन स्क्रूड्रायव्हर आणि धूळ झाडायला दाढीचा जुना ब्रश.

डबलकाका हे नाव त्यांच्या कामावरून पडलं. लोक नव्या सिस्टीमची पूर्ण डिस्क घेत नाहीत, अपग्रेडची घेतात, स्वस्त पडते. पण ती डिस्क महा हट्टी. मशीन पुसून कोरं केलं की विचारते, जुनी सिस्टीम कुठाय? ती दिसल्याशिवाय पाकिटावरचा परवान्याचा नंबर काही घेत नाही. मग काका नंबर न घालता एकदा सिस्टीम बसवत आणि तिच्यावरच पुन्हा एकदा बसवत. दुसऱ्या खेपेला डिस्कला वाटे, घरात आधीचं कुणीतरी आहे, आणि ती निमूटपणे नंबर घेई. "दोनदा बसवावी लागते, ताई," असं ते सगळ्यांना सांगत. एका वेळेला तास-सव्वा तास. म्हणजे अख्खी सकाळ गेलीच म्हणून समजा.

मी घरी बसून लोकांचे प्रबंध टाइप करून देते. नवरा गेल्यापासून तेच काम आणि तीच खुर्ची. त्या मंगळवारी मशीनने मान टाकली. एका बाईंचा प्रबंध दुसऱ्या दिवशी द्यायचा होता, त्यामुळे माझं डोकं आधीच तापलेलं. अपग्रेडची डिस्क आणली आणि काकांना बोलावलं.

काका दहाला आले. माझ्या सगळ्या फायली आधी बाजूला काढून घेतल्या, एकेक उघडून दाखवली, आणि मग पुसायचं बटण माझ्याच हाताने दाबायला लावलं. ही त्यांची पद्धतच. पहिल्यांदा सिस्टीम बसत होती तेव्हा मी भांडी घासली, कपडे वाळत घातले. दुसरी खेप सुरू झाली तेव्हा करायला काही उरलं नाही, म्हणून चहा घेऊन शेजारी येऊन बसले.

"ती मुलगी, दर आठवड्याला प्रबंधाचं नाव बदलायची, तिचं झालं का हो शेवटी?" काकांनी विचारलं.

अगं बाई! ही गोष्ट मी त्यांना वर्षापूर्वी सांगितली होती. मी सांगायला लागले. माझ्या तोंडाचा पट्टा एकदा सुटला की सुटलाच. काका मान डोलावत होते, मध्येच "मग?" म्हणत होते.

तेवढ्यात माझ्या भाचीचा फोन आला. ती असल्याच कामात नोकरीला आहे. मी रडगाणं गायलं, तर ती हसायलाच लागली. "मावशी, दुसऱ्यांदा कशाला? पहिल्या खेपेनंतर एक बारीकसा बदल करायचा, नंबर घ्यायला लावायचं. पाच मिनिटांचं काम. सगळ्यांना माहितीय हे."

फोन ठेवला आणि मी काकांकडे वळले. "पाच मिनिटांत होतं म्हणे?"

काकांचं तोंड एवढंसं झालं. खोटं बोलले असते तरी चाललं असतं, पण नाही बोलले. "होतं. ठाऊक आहे मला."

"मग?"

"पहिल्या वेळी माणसं आपापल्या कामाला जातात, ताई. दुसऱ्या वेळी कंटाळतात आणि शेजारी येऊन बसतात."

हे ऐकून एखादी पाघळली असती. मी भडकले. "अहो, माझा दिवस खाल्लात तुम्ही! लोकांना कामं असतात!" असं आणि बरंच काही. त्यांनी दुसरी खेप थांबवली, चार ठिकाणी काहीतरी टाइप केलं, नंबर घातला. खरंच पाच मिनिटं लागली. चहा अर्धा तसाच ठेवून ते गेले.

तेवढ्यावर गप्प बसले असते तर मी कसली? खालच्या शिंपिणीला सांगितलं, समोरच्या शिकवणीवाल्या सरांना सांगितलं, चांगलं रंगवून सांगितलं. महिन्याभरात सगळीकडे झालं. लोक काकांना बोलवीनासे झाले. ज्यांनी बोलावलं त्यांनी दारातच बजावलं, एकदाच बसवा हं. मशीन झकास पळत होतं. प्रबंध वेळेत जात होते. आणि दिवसच्या दिवस माझ्या घरात कुणी "मग?" म्हणत नव्हतं. मला त्या माणसाची आठवण येत होती, आणि आठवण येते याचाही राग येत होता.

शेवटी एका दुपारी उठले आणि माफी मागायला गेले. लाँड्रीच्या मागे त्यांची एकच खोली. दार नुसतं लोटलेलं. आत खाट, टेबल, एक खुर्ची. काका खुर्चीत बसून स्वतःच्या कॉम्प्युटरकडे बघत होते. पडद्यावर सिस्टीम बसत होती.

"काय बिघडलं?" मी विचारलं.

दचकलेच ते. "काही नाही. चांगलं होतं."

"मग बसवताय कशाला?"

"अशीच."

"कितव्यांदा?"

"मोजलं नाही," ते म्हणाले.

माफीचे शब्द वाटेभर घोकत आले होते, त्यातला एकही आठवेना. काकांनी उठून खुर्ची मला दिली आणि स्वतः खाटेच्या कडेवर टेकले.

"अजून पाऊण तास लागेल," ते म्हणाले. "तुम्हाला कामं असतील."

दोन प्रकरणं टाइप व्हायची होती. "छे, कसली कामं," मी म्हणाले आणि बसले.

दोघं पडद्याकडे बघत राहिलो. सदतीस टक्के. अडतीस. हळू चाल रे बाबा, मी मनात म्हणत होते, जरा हळू चाल.