भांडार म्हणून दाखवलेली खोली

मी एखाद्या ठिकाणी पाहणीला गेलो की तिथल्या लोकांना वाटतं, आता इंटरनेट आलंच. प्रत्यक्षात मी टेप घेऊन हिंडतो, भिंती ठोकून बघतो आणि घरी येऊन कागदावर रेघा मारतो. इंटरनेट माझ्यानंतर बऱ्याच महिन्यांनी येतं. कधी कधी येतही नाही.

ईट गावाच्या पुढं माळावर मुलींची एक निवासी शाळा आहे. सहा इमारती. ज्या देणगीदाराला जिथं आवडलं तिथं त्यानं बांधून दिलेल्या दिसतात, कारण वसतिगृह एका टोकाला, स्वयंपाकघर दुसऱ्या टोकाला आणि ऑफिस फाटकाला चिकटून. मधे नुसता मुरूम. संस्थेचं मुख्य कार्यालय लांब शहरात. तिथल्या मंडळींना सहाही इमारतींत कॉम्प्युटर एकमेकांशी जोडलेले हवे होते आणि त्याचा आराखडा मी करायचा होता.

काम तसं अवघड नव्हतं. दोन इमारतींमधून तांब्याची तार टाकली तर वळवाच्या एखाद्या विजेला दोन्हीकडची यंत्रं जळतात. हे आमच्या भागात प्रत्येक जण एकदा हात पोळून शिकतो, मीही तसाच शिकलो. म्हणून जमिनीखालून फायबरची केबल, आणि सगळ्या केबली येऊन मिळतील अशी मधली एक खोली. त्या खोलीत लोखंडी कपाट, कपाटात यंत्रं. खोली कोरडी हवी, वर पत्रा नको, उंदीर नकोत, दाराला कुलूप हवं. शाळेच्या नकाशात चार नंबरच्या इमारतीत अगदी मधोमध अशी खोली होती. वर स्लॅब, उत्तरेला खिडकी. नकाशात तिच्यावर 'भांडार' असं लिहिलेलं. गाडीतून उतरायच्या आधीच मी तिथं लाल चौकोन काढला होता आणि स्वतःवर खूश होतो.

मुख्याध्यापक बरोबर हिंडत होते. चार नंबरशी आल्यावर ते उगाच मागं रेंगाळले. मी कडीला हात घातला तर दार आतूनच उघडलं. दारात शाळेच्या स्वयंपाकीण मावशी उभ्या होत्या. आत दोन कॉट, गॅसची शेगडी, भिंतीवर बुद्धाची तसबीर. फळीवर बारावी सायन्सची पुस्तकं उंचीप्रमाणे लावलेली. गव्हाचं एक पोतंसुद्धा नव्हतं.

मी भिंतीला टेप लावली. माप घ्यायचं म्हणजे घ्यायचंच, अशी माझी सवय.

"कशाचं माप घेताय सायब?" त्यांनी विचारलं.

मी कपाटाचं सांगितलं.

"मंग ठिवा की कोपऱ्यात. आमी हात न्हाय लावायचो त्याला."

तसं चालत नाही, खोलीला कुलूप लागतं, यंत्रं गरम होतात, असं मी समजावून सांगितलं. त्यांनी ते सगळं नीट ऐकून घेतलं.

"फेब्रुवारीपत्तुर थांबता न्हाय यायचं का? पोरीची बारावी हाय."

बाहेर आल्यावर मुख्याध्यापकांनी सांगितलं ते असं. मावशींच्या गावाहून कॉलेजच्या वेळेला एसटी नाही. इथून पोरगी वीस मिनिटांत पायी जाते. म्हणून मुख्याध्यापकांनीच गेल्या वर्षी, ती अकरावीला गेली तेव्हा, तोंडी परवानगी दिली होती. सगळ्या शाळेला हे ठाऊक होतं. कागदावर मात्र तिथं अजून गहू-तांदूळच राहत होते.

मी काही फार कनवाळू माणूस नाही, माझी बायकोही हेच सांगेल. पण ती खोली मी ज्या कारणांसाठी निवडली होती, त्याच कारणांसाठी त्यांनीही निवडली होती. गार, कोरडी, दाराला कडी. हे मला पटलं. मी कपाट दोन नंबरच्या इमारतीत हलवायचं ठरवलं. नव्वद मीटर चर जास्त खणावा लागणार होता आणि दुपारी तिथं ऊन येत होतं, एक पंखा बसवला की भागणार होतं. "तुमची खोली राहू द्या, मावशी," असं मी जाता जाता सांगितलं. दुपारी जेवायला बसलो तर माझ्या ताटातली भाकरी संपायच्या आत दुसरी येत होती.

आमच्या अहवालात एक रकाना असतो, 'मूळ जागा बदलण्याचे कारण'. मी तो भरत होतो त्या दिवशी मुख्याध्यापकांचा फोन आला.

"ओल हाय असं लिहा तिथं," ते म्हणाले. "भिंतीला ओल, यंत्रं खराब व्हतील. मिटलं."

"तिथं ओल नाही, सर."

"न्हाय हो, पर लिहायला काय जातंय?"

मला रागच आला. माझ्या अहवालात खोटं नसतं, हे मी पंधरा वर्षं लोकांना सांगत आलोय, आणि एक मुख्याध्यापक मला खोटं लिहायला शिकवत होता. मी लिहिलं, 'सदर खोली निवासी वापरात आहे.' सोबत नियमाप्रमाणे पाहणीच्या वेळी काढलेला फोटो जोडला. खरं सांगायचं तर मला वाटलं होतं, माणूस राहतंय हे कागदावर आलं की ते पक्कं होईल, मग कुणी हात लावणार नाही. कागदावर माझा फार विश्वास.

मुख्य कार्यालयानं जागेचा बदल विनातक्रार मंजूर केला.

दिवाळीनंतर चर खणायला माणसं घेऊन गेलो तेव्हा चार नंबरच्या त्या खोलीला नवं कुलूप होतं. खिडकीतून पाहिलं तर आत मोडके बाक रचलेले. मुख्याध्यापकांनी ऑफिसात नेऊन मुख्य कार्यालयाचं एक पत्र माझ्यापुढं ठेवलं. अनधिकृत निवास आठ दिवसांत रिकामा करून अहवाल पाठवावा. पत्राला माझाच फोटो जोडलेला होता. दोन कॉट, शेगडी, फळीवरची पुस्तकं. फोटो चांगला स्पष्ट आला होता.

चहाला आम्ही स्वयंपाकघरात गेलो. मावशी आता गावाहून जीपनं येतात; रोज दोघींचं भाडं परवडत नाही. पोरीचं विचारलं तर म्हणाल्या, "मामाकडं ठिवलीय, नळदुर्गला. त्याचा ढाबा हाय, तिथं हातभार लावती. कॉलेज सुटलं. आता पुढल्या साली सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरनं आर्ट्सला बसते म्हणतीया. सायन्स तसं बाहेरनं न्हाय करता येत म्हणं."

मी हो म्हणालो. खरंच तसं करता येत नाही.

"पर सायब," त्या म्हणाल्या, "दीड साल कुणाला दिसलं न्हाय. आताच कुणी कळवलं आसल वो वर?"

मुख्याध्यापक कपातल्या चहाकडे बघत होते.

"काय माहीत, मावशी," मी म्हणालो. आवाज अगदी सरळ आला, कुठं अडखळलो नाही.

"तुमचं न्हाय म्हणत मी," त्या म्हणाल्या. "तुमी तर आमची खोली सोडली व्हती." आणि त्यांनी न विचारता माझ्या कपात आणखी थोडा चहा ओतला.

तो मी प्यालो. ऐकून आधी सुटल्यासारखं वाटलं. लाज वाटली ती गाडीत बसल्यावर, आणि तोवर शाळेचं फाटक मागं पडलं होतं.