कांडपमावशींचं नाक

कांडपमावशींच्या दुकानात शिंकायला बंदी होती. एप्रिल-मेमध्ये टिटवाळ्याच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये मिरची कुटायचा डंका धडाधडा चालू असायचा, तांबडी धूळ उन्हाच्या तिरिपेत तरंगायची आणि रांगेतली एखादी बाई नाकाला पदर लावून "आ... आ..." करायला लागली की मावशी ओरडायच्या, "शिंकायचं तर रस्त्यावर! माझ्या मिरचीला वाईट वाटतं." त्या स्वतः कधी शिंकल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. त्यांना टिटवाळा सोडून माहेरी, वेंगुर्ल्याला जाऊन आता वर्ष होईल. पण आम्ही कुठेही जेवायला बसलो की त्यांचा विषय निघतोच.

मसाला भाजला जात असताना मावशी कढईकडे बघायच्याही नाहीत. पाठ करून गिऱ्हाइकाशी गप्पा मारायच्या आणि मध्येच मुलीला म्हणायच्या, "वैशाली, धणे उतरव." धणे बरोब्बर झालेले असायचे. माझी आई दर उन्हाळ्यात कोपरहून त्यांच्याकडे मसाला करायला जायची, पिशव्या उचलायला मी. एकदा आईनं मोठ्या कौतुकानं नेलेली बेडगी मावशींनी मूठभर उचलून हुंगली. "ताई, ही गेल्या वर्षीची. मिरची म्हातारी झाली की गप्प बसते."

आमचं तिघांचं एक हावरट मंडळ होतं. मी, कल्याणची दातांची डॉक्टर सायली आणि ठाण्याचा प्रतीक. महिन्यातून एकदा कुठेतरी जायचं आणि पोट फुटेस्तोवर खायचं, एवढंच मंडळाचं काम. मावशींची ख्याती ऐकून सायली म्हणाली, "अरे, त्यांना आण ना!" मावशी आल्या, कल्याणच्या मिसळीचा एक घास घेतला आणि तर्रीत काय काय घातलंय ते भराभरा सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "आणि दगडफूल. पण चिमूटभर कमी पडलंय." गल्ल्यावरचा मालक उठून नमस्कार करायला आला. त्या दिवसापासून आम्ही चौघं झालो.

त्यांचा एकच नियम होता, पहिल्या घासाला बोलायचं नाही. "पाहुणा अजून दारात उभा आहे," त्या म्हणायच्या, "आत्तापासूनच त्याच्याबद्दल काय बोलताय?"

मग एका वर्षी मावशी यायच्या बंद झाल्या. एकदा गुडघा दुखत होता, एकदा मंगळवार, एकदा गुरुवार, एकदा कुठलातरी उपास जो सायलीच्या आजीलाही माहीत नव्हता. त्याच उन्हाळ्यात आई मसाल्याचा डबा उघडून म्हणाली, "यंदा जरा करपलाय का रे?" मी आईवरच डाफरलो. मावशींचा मसाला करपेल?

तेवढ्यात प्रतीकला ठाण्यात एक नवीन हॉटेल सापडलं. अस्सल सिचुआन. मी टिटवाळ्याला जाऊन मावशींना म्हटलं, "शेजवान खायला चला."

"ते केशरी? ते आमच्या नाक्यावरच्या गाडीवर मिळतं की. डोशातपण घालतात."

"मावशी, ते सासरी येऊन बिघडलेलं. हे त्याचं माहेर आहे."

माहेर म्हटल्यावर त्या विरघळल्या. शिवाय वैशालीनं मागून ढकललं, "जा गं आई. घरात नुसती बसून असतेस."

हॉटेलात वेटरनं अदबीनं विचारलं, "मॅडम, तिखट कमी करायला सांगू?" मावशींनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो बिचारा तसाच आत पळाला. मग टेबलावर सुक्या लाल मिरच्यांचा एक डोंगरच आला. त्यात चिकनचे तुकडे शोधून खायचे आणि मिरच्या तशाच ठेवायच्या, असं वेटरनं समजावलं. "टाकून द्यायच्या? एवढ्या?" मावशींचा जीव कळवळला. "बांधून दे मला. मी कुटते." पाठोपाठ लाल तेलात बुडालेला मासा आला.

पहिला घास. आम्ही नियमाप्रमाणे गप्प. दुसऱ्या घासाला ओठ थरथरायला लागले. तिसऱ्याला जीभ माझी राहिलीच नाही.

"माझे ओठ कुठे गेले?" प्रतीक म्हणाला.

"मी इंजेक्शन दिल्यावर पेशंट असेच बोलतात!" सायली टाळ्या पिटत म्हणाली. "ए, पापलेट म्हण!"

"फाफलेट."

झालं. आम्ही टेबलावर डोकी ठेवून हसलो. पाणी प्यायलो तर पाणी लिंबासारखं लागलं, त्यावर पुन्हा हसलो. शेजारचं कुटुंब खुर्च्या सरकवून बसलं. प्रतीक "बापू बटाटा" म्हणायचा प्रयत्न करत होता आणि त्याच्या नाकाडोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

मावशी मात्र हसत नव्हत्या. मिरच्यांतून निघालेलं एक बारीक, तपकिरी, फुटलेलं फळ दोन बोटांत धरून त्या बघत होत्या. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं.

"मावशी, फार तिखट लागलं का?"

"तिरफळ," त्या म्हणाल्या. "अरे, ही तर आपल्या तिरफळाची बहीण! आई बांगड्याच्या आमटीत घालायची. अशाच झिणझिण्या यायच्या." मग थांबून म्हणाल्या, "आठ महिन्यांत पहिल्यांदा तोंडात काहीतरी ओळखीचं आलं."

आमचं हसू विरलं.

मावशींना मोठा ताप येऊन गेला होता आणि त्यात वास येणं गेलं, ते गेलंच. "खारट-गोड कळतं, मिरचीचा चटका कळतो. बाकी जेवण म्हणजे पुठ्ठा. धणे आवाजावरून उतरवते. कधी चुकतात." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुझ्या आईचे चुकले ना?"

मी मान हलवली. खोटं बोलवेना.

"वैशालीलाही नाही सांगितलं. कांडपवालीचं नाक गेलं म्हटल्यावर कांडपवालीचं राहतं काय?"

"आम्ही राहतो की," सायली म्हणाली. पण तिचे ओठ बधिर असल्यामुळे ते "आम्ही लाहतो फी" असं ऐकू आलं. मावशींनी क्षणभर तिच्याकडे बघितलं आणि त्या जे हसत सुटल्या, ते ठसका लागेपर्यंत. त्याच ठसक्यात त्या शिंकल्या. एकदा नाही, सलग सात वेळा. वेटर टिश्यूचा अख्खा गठ्ठा घेऊन धावला.

पुढच्याच आठवड्यात सायलीनं त्यांना नाकाच्या डॉक्टरकडे नेलं. रोज सकाळ-संध्याकाळ लवंग, लिंबू असे चार वास मन लावून घ्यायचे, काही येत नसलं तरी घ्यायचे, असं डॉक्टरांनी सांगितलं. मावशींनी वैशालीला सगळं सांगितलं. वैशाली आधी रडली, मग भांडली. मग शेडबाहेर मावशींनी स्वतःच्या हातानं पाटी लावली : "आमचे नाक सध्या रजेवर आहे. गिऱ्हाइकांनी आपापले आणावे." आम्हाला वाटलं, गिऱ्हाईक तुटणार. झालं उलटंच. बायका कढईभोवती कोंडाळं करून हुंगायला लागल्या. "मावशी, आता खमंग येतोय!" "नाही हो, अजून थोडं!" माझी आईसुद्धा त्यात. ती मसाल्यापेक्षा भांडणासाठीच जास्त जायला लागली.

लवंग-लिंबाला मात्र नाक बधत नव्हतं. महिने गेले. मी विचारणंही सोडलं होतं.

एका सकाळी कामावर निघण्याच्या गडबडीत फोन वाजला. मावशी इतक्या ओरडत होत्या की मी फोन कानापासून लांब धरला.

"आला रे आला! वास आला!"

"कसला? लवंगेचा?"

"अरे कसली लवंग! शेडमागच्या नाल्याचा! काय घाण येतोय म्हणून सांगू!"

"मावशी, मग तिथून निघा की!"

"निघते कसली," त्या म्हणाल्या. "खुर्ची टाकून बसलेय."