माहेरी बोलणारी सून

माझी सून गुलबर्ग्याकडची. आम्हा लिंगायतांत अशा सोयरिकी जुन्याच. सेलूत आमच्या गल्लीत कानडी सुना आणखीही आहेत. ती आली तेव्हा तिला मराठी जेमतेम येत होतं. मी जन्मभर पहिलीचा वर्ग सांभाळलेली बाई. सहा महिन्यांत तिला तयार केलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ते फुशारकीनं सांगत राहिले.

नात झाली तशी सून तिच्याशी कानडीत बोलू लागली. न्हाऊ घालताना, भरवताना, झोपवताना. मला ते ऐकायला गोड वाटायचं, खोटं कशाला बोलू? पण नात अंगणवाडीत जायला लागली आणि अर्धं वाक्य मराठी, अर्धं कानडी बोलू लागली. बाकीची लेकरं हसली, ही रडत घरी आली, आणि माझ्यातली मास्तरीण जागी झाली.

"हे बघ, आजपासून लेकरासंगं मराठीच बोलायचं. ते कानडी ठिव माहेरी."

"बरं, आई," सून म्हणाली. एवढंच.

अंगणवाडीची ताई मला रस्त्यात गाठून सांगू लागली, "बाई, दोनी भाषा राहू द्या की. लेकरं थोडे दिवस मिसळतेत, मग आपोआप येगळं करतेत."

"तुला बाराखडी मीच शिकवली हाय," मी म्हटलं आणि पुढं निघाले.

दीडेक वर्ष गेलं. नात सुरेख मराठी बोलू लागली. मग सुनेच्या भावाच्या घराची वास्तुशांत निघाली. मुलाला रजा मिळेना, म्हणून नातीला घेऊन आम्ही सासू-सून निघालो. सबंध प्रवासात सून नेहमीसारखी, विचारलं तेवढंच बोलणारी.

माहेरचा उंबरा ओलांडला आणि तिला कंठच फुटला. आईच्या गळ्यात पडली, भावाशी भांडली, कुण्या चुलत्याच्या चालण्या-बोलण्याची नक्कल करून तिनं सगळी पडवी पोट धरून हसवली. स्वयंपाकघरात दहा बायकांना कामाला लावलं. मी भिंतीला टेकून बघत बसले. सहा वर्षं एका छताखाली राहून मला माहीत नव्हतं की माझी सून इतकी मिश्कील आहे. मी शेजारणींना सांगायचे, पोरगी गुणाची, तोंडातून शब्द काढत नाही.

इकडे माझीच बोलती बंद. कुणी काही विचारलं की मी हसून मान डोलवायची. तिसरी पुरणपोळी पानात पडली तेव्हा कळलं, मी कशाला हो म्हणत होते. त्या दिवशी सून हळूच येऊन म्हणाली, "आई, समद्या म्हणायल्यात, तुझी सासू लय गरीब हाय."

मला हसू आलं, मग आलं नाही.

दुपारी नातीची अज्जी, म्हणजे सुनेची आई, तिला मांडीवर घेऊन बसली. अज्जी बोलायची, नात तिच्या तोंडाकडे बघायची, मग आईकडे. आई मराठीत सांगायची. असं थोडा वेळ चाललं. पुढं अज्जीनं बोलणंच सोडलं. नुसती नातीच्या केसांतून बोटं फिरवत राहिली.

नात उठून माझ्याकडे आली. आत बायकांत हशा उसळला होता, त्यात तिच्या आईचा आवाज सगळ्यांत मोठा.

"आजी, मम्मी काय म्हणायली?"

"मला न्हाई कळत, माय."

"मला पण न्हाई," ती म्हणाली आणि मला चिकटून बसली. मला भयंकर लाज वाटली. या लेकराची अज्जी मी तोडली होतीच, पण तिची आईही तिला अर्धीच मिळू दिली होती.

सेलूला परतल्यावर दुसऱ्याच दिवशी सून नातीची वेणी घालत होती, तेव्हा मी सांगून टाकलं, "लेकरासंगं तुझ्या भाषेत बोल. चुकलं माझं."

"आता ती मराठीतच उत्तर देती, आई," सून म्हणाली. "मलाबी तिच्यासंगं कानडी बोलताना कसंतरीच वाटतंय." वेणी अर्धी राहिली आणि तिला रडू आलं. इतक्या वर्षांत तिला रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं. कंगवा घेऊन उरलेली वेणी मीच घातली.

मग अंगणवाडीत जाऊन ताईसमोर त्या बुटक्या बाकावर बसले. ती चांगली पोरगी, टोमणा न मारता म्हणाली, "ती मराठीत बोलली तरी आईनं कानडी सोडायची न्हाई. आन् अज्जीला रोज फोन." आम्ही तसंच केलं. पहिले महिने नात वैतागायची, कान झाकून घ्यायची. सून थकून मराठीवर आली की मी डोळे वटारायची.

परवा फोनवर अज्जी काहीतरी म्हणाली. नातीनं आईकडे बघितलं नाही. माझ्याकडे एक नजर टाकली आणि फोनला तोंड लावून लांबलचक काहीतरी सांगितलं. पलीकडे अज्जी खो खो हसली. इकडे सून हसता हसता खालीच बसली.

"काय म्हणालीस गं मला?" मी विचारलं.

"तुला न्हाई कळायचं, आजी."

सून पदरानं डोळे पुसत होती आणि हसायची थांबत नव्हती. माझ्या घरात ती इतक्या मोठ्यानं कधीच हसली नव्हती.