विहीर क्रमांक सात

संगणकाला जी खोली मिळाली ती आधी मातीच्या नमुन्यांची होती. पिशव्या व्हरांड्यात हलवल्या, भिंतींना चुना दिला, फरशीवर लिनोलियम चिकटवलं आणि धूळ येऊ नये म्हणून दोन्ही खिडक्या हार्डबोर्ड ठोकून बंद केल्या. एरंडोलकडून येणारं वारं मे महिन्यात सगळ्या जळगावभर माती उडवायचं. खोलीत दिवसाही ट्यूबलाइट लावावी लागे आणि ती लावूनही कोपरे अंधारेच राहत. नव्वदीची सुरुवात होती. विद्यापीठ नवं होतं, आमचा भूजलाचा विभाग त्याहून नवा, आणि मी सरांची पहिली संशोधक विद्यार्थिनी. पिंप्राळ्यात एका मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहायचे. संगणक बसवून घेण्याचं काम सरांनी माझ्यावर सोपवलं होतं.

खोकी आली, पण नाशिकहून आलेल्या इंजिनियरनं ती उघडलीच नाहीत. त्यानं भिंतीतल्या सॉकेटमध्ये मीटरच्या दोन पिना घातल्या आणि मान हलवली.

"अर्थिंग नाही तुमच्याकडे. आधी खड्डा घ्या, मग मला बोलवा."

तो संध्याकाळच्या गाडीनं परत गेला. खड्डा घ्यायला विद्यापीठाचा माणूस मिळेना. चौथ्या दिवशी नाना आले आणि त्यांनी तो घेतला.

नाना सोनगीरचे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. सर धुळ्याच्या कॉलेजात शिकवत होते तेव्हापासून, म्हणजे सोळा वर्षं, सोनगीर ते धुळे या पट्ट्यातल्या अकरा विहिरींची पाण्याची पातळी नाना मोजत होते. महिन्याच्या एक तारखेला आणि पंधरा तारखेला सायकलवर निघायचं, विहिरीत वजन लावलेला टेप सोडायचा, पाणी किती खोल आहे ते वहीत लिहायचं. मानधन नावापुरतंच होतं. पण गावात त्यांना 'पाणीवाले नाना' म्हणत, आणि ते त्यांना आवडे. माझा सगळा प्रबंध त्यांच्या आकड्यांवर उभा राहणार होता. त्या दिवशी ते सगळ्या वह्या पिशवीत घालून एसटीनं आले होते.

खड्ड्याचं ऐकल्यावर त्यांनी टोपी काढून खिडकीत ठेवली आणि पहार मागितली. सदुसष्ट वर्षांचा माणूस, काळी जमीन उन्हानं दगड झालेली. दोन दिवस खणलं. तांब्याची पट्टी घातली, तिच्याभोवती कोळसा आणि मिठाचे थर दिले. कोळसा कुठवर आला ते ते हातानं चाचपून पाहत होते. मीठ टाकताना दोन ओंजळी खड्ड्याच्या बाहेर पडल्या. ऊन लागलं असेल, असं मला वाटलं. सुरुवातीला रोज पाणी घालायचं होतं. ते त्यांनी मला तीनतीनदा बजावलं.

"यामा मना बठ्ठा आकडा जातीन?" बंद खोक्यावर हात ठेवून त्यांनी विचारलं. एरवी माझ्याशी ते जपून, कचेरीतल्या मराठीत बोलत. खुशीत असले की अहिराणी येई.

"हो नाना. सगळे. सोळा वर्षांचे."

त्यांनी खोक्यावरचा हात काढून घेतला. मला वाटलं, भरून आलं असेल.

इंजिनियर परत आला. त्यानं मीटर लावला, बरं म्हणाला आणि खोकी उघडली. मॉनिटर, संगणकाचा डबा, कीबोर्ड, खडखडणारा प्रिंटर, आणि व्होल्टेज सांभाळणारी एक जड पेटी, तिला दोघांनी उचलावं लागलं. दारात चपला काढायच्या, आत पाणी न्यायचं नाही, काम झालं की प्लॅस्टिकचं कव्हर घालायचं. आमच्या घरच्या देवघरालाही इतके नियम नव्हते. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं आली तेव्हा सरांनी माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. सर फारसे हसत नसत.

मग मी वह्या घेऊन बसले. तीन आठवडे आकडे भरत होते. पहिल्या वह्यांतलं नानांचं अक्षर बारीक, तिरकं आणि नेटकं होतं. आठ मीटर सदतीस. नऊ मीटर बारा. पुढे अक्षर मोठं होत गेलं, ओळी सोडून खाली उतरायला लागलं. त्यानंतरचे सगळे आकडे शून्यावर नाहीतर पाचावर संपायला लागले. संगणकाच्या उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मी शेवटच्या दोन वह्या भरत होते. सात नंबरच्या विहिरीचे आकडे भरताना बोटं आपोआप पुढचा आकडा दाबायला लागली. हे आकडे मी आधीच कधीतरी भरले होते. मागची वही काढली. तीन वर्षांपूर्वीचं अख्खं वर्ष जसंच्या तसं पुन्हा उतरवलेलं होतं. आणि त्या दोन वर्षांत पाऊस सारखा नव्हता. एका वर्षी तर धुळ्यात नळाला आठ-आठ दिवस पाणी नव्हतं.

सर शेजारच्या खोलीत होते, उठून चार पावलं टाकायची होती. मी उठले नाही. दुसऱ्या दिवशी पुण्याहून एक जुने शास्त्रज्ञ येणार होते, पेढे सांगून झाले होते, नानांना सरांनी मुद्दाम पत्र टाकून बोलावलं होतं. कार्यक्रम तेवढा पार पडू दे, मग बघू, असं मी ठरवलं. त्यात नानांची काळजी किती होती आणि माझ्या प्रबंधाची किती, हे मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. आज सांगता येतं.

नारळ व्हरांड्यातच फोडला. मॉनिटरला कुंकवाचं बोट लावलं. नाना धुतलेलं धोतर आणि कडक टोपी घालून आले होते. सरांनी त्यांना मागे खुर्ची दिली होती. मी आलेख काढून दाखवायचा होता, एक नंबरच्या विहिरीचा. तो झाला. पाहुणे म्हणाले, "अजून एखादी दाखवा, सात दाखवा." त्यांनी सात का म्हटलं कोण जाणे. मी ती काढली.

पाहुणे पडद्याजवळ वाकले. त्यांचा आवाज अगदी साधा होता, दुखवण्याचा हेतू नव्हता.

"हे दोन डोंगर एकसारखे आहेत की. एकावर एक ठेवले तर तंतोतंत बसतील. मोजणी कोण करतं?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मग मागे वळून म्हणाले, "नाना, जरा इकडे या."

नाना आले. सरांनी पडद्यावर बोट ठेवलं. "हे बघा. हे कसं झालं?"

नाना बघत होते, पण सरांच्या बोटाकडे नाही. ते कीबोर्डच्या बाजूला कुठेतरी बघत होते. सरांनी पुन्हा बोट टेकवलं. नानांनी हात पुढे केला, चाचपडत काचेला लावला, आणि तसाच ठेवला.

"मना डोया ग्यात, साहेब," ते म्हणाले. "दोन वरीस व्हई ग्यात."

पाहुण्यांनी चष्मा काढून पुसला. व्हरांड्यातून कोणीतरी पेढ्यांचं ताट आत आणत होतं, त्याला सरांनी हातानंच थांबवलं.

नानांना स्टँडवर सोडायला मी गेले. रिक्षात ते स्वतःहूनच बोलले. धुळ्याच्या शिबिरात डॉक्टरांनी मोतीबिंदू आहे म्हणून सांगितलं होतं, पण अजून पिकला नाही, पिकू द्या, मग काढू. ते वाट बघत राहिले. कोणाला सांगितलं असतं तर काम दुसऱ्याला गेलं असतं.

"मी विहिरीवर जात होतो हं," ते म्हणाले. "एकही तारीख चुकवली नाही. टेप सोडायचो. ओला टेप हाताला लागायचा, आकडा दिसायचा नाही. मग घरी उन्हात बसून जुनी वही डोळ्याला लावायची, आणि त्यातलं उतरवायचं."

बस लागली होती. पाटी मीच वाचून सांगितली.

चांगले आकडे नेमके कुठे संपले हे ठरवता येत नव्हतं, म्हणून सरांनी शेवटची चार वर्षं सगळीच रद्द केली. ते माझ्यावर ओरडले नाहीत. फक्त एवढं विचारलं, "तुला भरताना दिसलं नाही?" मी म्हणाले, नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी मजकूर सांगितला आणि मी टाइप केला. आभार मानले होते, आणि पुढील महिन्यापासून निरीक्षणाचं काम थांबवण्यात येत आहे, असं होतं. आमच्या प्रिंटरवर छापलेला तो पहिला कागद. कडेच्या भोकांच्या पट्ट्या फाडून मीच तो पाकिटात घातला.

प्रबंध बारा वर्षांच्या आकड्यांवर पूर्ण झाला. ऋणनिर्देशात नानांचं नाव घालावं असं वाटत होतं. सर म्हणाले, "नको. परीक्षक विचारतील." मी घातलं नाही.

पदवी मिळाल्यावर एकदा धुळ्याला काम निघालं, तेव्हा सोनगीरला गेले. नाना ओट्यावर बसले होते. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, जाड भिंगाचा चष्मा होता. त्यांनी मला ओळखलं. सुनेला चहा सांगितला. विहिरी आता कोण मोजतं, असं विचारलं. कोणी नाही, असं मी सांगितलं.

रस्त्याकडे बघतच ते म्हणाले, "माय, तुले आधीच माहीत व्हतं ना?"

खोटं बोलावं असं मनात आलं. त्या भिंगातून त्यांचा डोळा फार मोठा दिसत होता.

"हो," मी म्हणाले. "आदल्या दिवशी कळलं."

"मग सांगायचं होतं," ते शांतपणे म्हणाले. "मी आलोच नसतो."

चहा आला. आम्ही तो प्यायलो. सुनेनं पाऊसपाण्याचं विचारलं, मी काहीतरी सांगितलं. निघताना वाकून नमस्कार केला तर त्यांनी डोक्यावर हात ठेवला, नेहमीसारखाच.

पुढे चाळीसगावच्या कॉलेजात नोकरी लागली. धुळ्याच्या पुढे जायचं काम अनेकदा पडलं, आणि बस सोनगीरला थांबते. मी पुन्हा तिथे उतरले नाही.