दबावाखाली केलेली सही

आमच्या मुरुम गावचा माझा मित्र आणि मी एकाच वर्षी विमान दुरुस्तीचा कोर्स केला आणि हैदराबादला एकाच ठेकेदाराकडं लागलो. हँगरमध्ये दोन प्रकारची माणसं होती. कायम मेकॅनिक, त्यांची युनियन होती, आणि आम्ही ठेक्यावरचे. चाकं तेही बदलायचे, आम्हीही बदलायचो. पगार मात्र त्यांच्या निम्म्याहून कमी. आमचं गाव सीमेवरचं, त्यामुळं कुणाला कळू द्यायचं नसलं की आम्ही दोघं कन्नडात बोलायचो.

एकदा ब्रेकची नळी सोडवताना हायड्रॉलिकचं तेल मित्राच्या डाव्या डोळ्यात गेलं. त्या तेलानं कातडीही भाजते. मी त्याला नळाखाली धरलं. तो ओरडत होता. ठेकेदाराचा सुपरवायझर आला आणि म्हणाला, "घरी जा, आराम कर." दवाखान्यात मीच नेलं. आठ दिवस तो खोलीवर पडून होता, ते आठही दिवस बिनपगारी धरले. आदल्याच वर्षी एका कायम मेकॅनिकला असंच झालं होतं, तेव्हा युनियनचा माणूस दवाखान्यापर्यंत गाडीत त्याच्या शेजारी बसून गेला होता आणि भरपगारी रजा मिळाली होती.

युनियनचे सेक्रेटरी आमच्याकडच्या वाशीचे. आपल्याच जिल्ह्याचे म्हणून आम्ही त्यांच्याकडं गेलो. त्यांनी चहा पाजला.

"तुमचं खरं हाय," ते म्हणाले, "पण ठेक्यावरची माणसं आमच्यात बसत न्हाईत. तुमच्यासाठी भांडायला गेलो तर आमचीच माणसं नाराज होतील."

बाहेर आल्यावर मित्र म्हणाला, "मग आपलीच युनियन करू."

युनियनच्या अर्जावर अकरा जणांच्या सह्या झाल्या. पहिली त्याची, दुसरी माझी. आठवड्याभरात सुपरवायझरनं एकेकाला आत बोलावलं. माझ्यासमोर त्यानं कोरा कागद ठेवला. "सही दबावाखाली केली, एवढंच लिहा. पुढच्या भरतीत तुमचं नाव कायमच्या यादीत घालतो." माझं नुकतंच लग्न ठरलं होतं. मी लिहिलं. अक्षर चांगलं आलं होतं, हे अजून आठवतं.

दुसऱ्या दिवशी गेटवर मित्राचं कार्ड चालेना. त्यानं ते शर्टाला पुसून पुन्हा लावलं. पाठीमागं रांग लागली. माझं कार्ड लागलं, गेट उघडलं आणि मी आत गेलो. तो मागून कन्नडात विचारत होता, "काय झालं रे?" मी वळलो नाही.

भरती झालीच नाही. दीड वर्षानं ठेका बदलला, नव्या ठेकेदारानं मला घेतलं नाही. मुरुमला परत आलो. मित्र उमरग्याच्या रस्त्यावर एका ट्रॅक्टरच्या गॅरेजात कामाला होता. नट बघताना मान तिरकी करायचा. डावा डोळा अधू झाला होता.

"कायम झालास?" त्यानं विचारलं.

"न्हाय."

"त्या कागदावर काय लिहिलंस?"

मी सांगितलं. वाटलं, शिवी देईल, निदान पाना तरी आपटेल.

"दबाव," तो म्हणाला. "माझा?"

तो ट्रॅक्टरखाली सरकला. मी निघालो. या गोष्टीला तीन वर्षं झाली. त्यानंतर तो माझ्याशी बोललेला नाही, आणि मीही गेलो नाही.