रिकाम्या मोटेचा अर्थ

मी तिसरी शिकलेला. पण आमच्या गावच्या एकादशीच्या भजनात पखवाज मी वाजवायचो आणि अभंगाचा अर्थ सांगायचा मानही माझा होता, आणि तो काही कोणी दयेनं दिलेला नव्हता. पवनेकाठच्या चार गावांत माझ्यासारखं भारूड सोडवून सांगणारा दुसरा नव्हता. हे मी आजही कोणाच्याही तोंडावर सांगेन.

पिंपरीकडे नवे कारखाने उभे राहत होते ती वर्षं. शेजारच्या म्हाताऱ्याची जमीन एका कारखान्यात गेली, विहीर बुजली. आणि त्याचाच थोरला पोरगा तिथं कारकून म्हणून लागला. त्या दिवसापासून बाप त्याच्याशी बोलला नाही. जेवायला शेजारी बसायचे, पण मीठ हवं असलं तरी बाप बायकोला सांगायचा, "त्याला म्हणावं, मीठ सरकव."

पोरगा नव्या तऱ्हेच्या कविता करायचा. एक दिवस माझ्याकडे आला. "दादा, ही आमच्या विहिरीवर लिहिलीय. घरी वाचली तर आबा उठून जातील. भजनातून आरतीआधी कोणी उठत नाही. तिथं वाचतो, तुम्ही अर्थ सांगा. तुमचं ते ऐकतात."

कागद पाहिला. यमक नाही. एक ओळ मोट ओढायच्या नाड्याएवढी लांब, तर पुढची दोनच शब्दांची.

"याला पखवाजावर ताल कुठला धरू?"

"धरू नका."

एकादशीला दिवेलागणीच्या भजनात त्यानं ती वाचली. फिरून फिरून एकच ओळ यायची, 'मोट रिकामी वर आली.' संपली तसे सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी भारुडासारखी सोडवली. मोट म्हणजे देह. नाडा म्हणजे आयुष्य. बैल म्हणजे पाप आणि पुण्य. माना डोलल्या. म्हातारा तेवढा खाली बघत बसलेला.

पोरगा हळूच म्हणाला, "दादा, मोट म्हणजे मोटच. आमची."

"मग कविता कशाला करतो? पाणीच पाज की राव!" टाळकऱ्यांतून कोणीतरी बोललं. हशा झाला.

मला राग आला. "एक ओळ परत परत येते ती ध्रुपदासारखी. ध्रुपदात वरवरचं काही नसतं. लिहिलंस तू, पण अर्थ काय एकट्या तुझा?"

"नसेल. पण आबांना आपली मोट ओळखू यावी, एवढंच मला पाहिजे होतं."

मी म्हटलं, "परत वाच." माझंच खरं करायचं होतं मला.

या खेपेला तो लांब ओळ, आखूड ओळ, भराभर पळवायला लागला. तेवढ्यात म्हातारा बोलला, थेट त्याच्याशी.

"घाई करू नको."

पोरगा थांबला.

"बैल उतार उतरले, मोट वर आली. आता त्यांना मागं येऊ दे. मोट बुडू दे आदी. मग पुढचं म्हण."

आणि म्हाताऱ्यानं जिभेनं चुचकारलं, मोटेवर बैल मागं घेताना करायचा तसं. सावकाश. मूठ नाडा धरल्यागत मिटलेली. "हां. बुडली. म्हण."

पोरानं पुढची ओळ म्हटली. अशी सगळी कविता झाली, दर रिकाम्या मोटेनंतर बापाचं चुचकारणं आणि मग लेकाची ओळ. माझे हात पखवाजावर नुसते ठेवलेले. लांब ओळ म्हणजे बैलांचा उतार, हे तेव्हा मलाही दिसलं. म्हणून माझा अर्थ खोटा ठरत नाही. मोट म्हणजे देह, हे मी अजूनही म्हणतो. त्या दिवशी फक्त तो अर्थ पुन्हा सांगितला नाही.

शेवटची ओळही तीच होती. मोट रिकामी वर आली. यावेळी म्हाताऱ्यानं चुचकारलं नाही. बुजलेल्या विहिरीत मोट बुडणार कुठं?

पोरगा कागद धरून उभाच.

"झाली?" बापानं विचारलं.

"झाली, आबा."

"बस मग. आरती होऊ दे. संगंच जाऊ."