लाल बटण उगाच दाबायचं नसतं

दौलतरावांनी एकतीस वर्षं चाकणच्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर पत्र्याचे तुकडे काढले. पहिला तुकडा आणि लाखावा तुकडा शेजारी ठेवला, तर आईनंही ओळखू नये असे जुळे. याच गुणावर निरोपाच्या दिवशी त्यांना शाल, नारळ आणि आदर्श कामगाराचं प्रमाणपत्र मिळालं. एवढं मिळालं की माणूस घरच्यांनाही सुटे भाग समजायला लागतो. रहाटणीच्या त्या फ्लॅटमध्ये चहा सात-दहाला व्हायचा. सात-बारा झाले की दौलतराव घड्याळाकडे बघून खाकरायचे.

तर झालं असं, की त्यांची बायको रुक्मिणीबाई लेकीच्या बाळंतपणाला सांगवीला गेल्या. मुलगा निरंजन आणि सून विजयश्री दोघंही नोकरीवाले, आणि पाच वर्षांच्या स्वरूपाला उन्हाळ्याची सुट्टी लागलेली. सुनेनं एक शिबिर शोधून ठेवलं होतं. दौलतराव म्हणाले, "मी घरात असताना पोरगी परक्यांकडे कशाला?"

"तीन दिवस बघू, बाबा. तिला करमलं तर राहू दे. नाहीतर सोमवारपासून शिबिर," विजयश्री म्हणाली.

घ्या. एकतीस वर्षांची नोकरी करून म्हातारा पुन्हा प्रोबेशनवर. दौलतराव वरवर हसले, पण मनातून धसकले. बायको लेकीकडे, पोरं कामाला. नातही गेली तर दिवसभर बोलायचं कुणाशी?

मंगळवारी स्वरूपानं टॅब आणून त्यांच्या मांडीवर ठेवला. पडद्यावर एक वांगं आणि खाली एकच भलंमोठं लाल बटण. खेळ म्हणून एवढाच. "दाबा ना, आजोबा."

"लाल बटण उगाच दाबायचं नसतं," दौलतराव म्हणाले. कारखान्यात लाल बटण दाबलं की मशीन जागच्या जागी थांबतं आणि दाबणाऱ्याला साहेबांपुढे खुलासा लिहून द्यावा लागतो. "आधी सांग, अपघात कुठं झालाय?"

स्वरूपानं कपाळाला हात लावला आणि स्वतःच दाबलं. वांगं शिंकलं, त्याचा उंट झाला. पुन्हा दाबलं, तर उंटाच्या पोटातून सायकलवर बसलेला फणस बाहेर आला. पोरगी हसून हसून लोळली. दौलतरावांनी गंभीरपणे विचारलं, "पण काढायचा माल कुठला होता?"

बुधवारी ते तयारीनं बसले. वहीत रेघा मारून तक्ता केला. तासाला दोनशे दाब, मध्ये दहा मिनिटं सुट्टी. पण या खेळात ना गुण, ना जिंकणं, ना शेवट, आणि एकदा आलेला उंट पुन्हा म्हणून येईना. "ही काय क्वालिटी झाली? एक पीस दुसऱ्यासारखा नाही. असला माल आमच्याकडे गेटवरूनच परत गेला असता." ते शेजारी उभं राहून मोजत होते. एक्कावन्नाव्या दाबाला स्वरूपा उठून गेली. संध्याकाळी ती आईला म्हणाली, "आजोबांबरोबर खेळलं की शाळेत बसल्यासारखं वाटतं." विजयश्रीनं शिबिराचा फॉर्म तेवढा फ्रिजवर चिकटवला. दौलतरावांना जेवण गेलं नाही.

गुरुवारी दुपारी वीज गेली. टॅबनंही थोड्या वेळात मान टाकली. स्वरूपानं इकडेतिकडे पाहिलं आणि सरळ आजोबांच्या नाकावर बोट दाबलं.

दौलतराव शिंकले. ती खूश झाली. तिनं पुन्हा दाबलं, ते पुन्हा शिंकले. तस्संच, तेवढ्याच आवाजात. हात बसलेला माणूस, दुसरं करणार काय? तिसऱ्यांदाही तेच.

"तेच तेच काय काढताय?" ती म्हणाली, आणि उशी घेऊन कोपऱ्यात जाऊन बसली.

ज्या गुणासाठी शाल मिळाली, त्याच गुणापायी नात हातची चालली होती. दौलतराव उठले. शेजाऱ्यांना दिसू नये म्हणून खिडकीचा पडदा ओढला, दार लोटलं आणि घसा साफ करून नातीपुढे येऊन बसले. "ए, आता दाबून बघ बरं."

तिनं मन नसताना दाबलं. दौलतराव म्हशीसारखे हंबरले. तिनं उशी सोडली आणि पुन्हा दाबलं. आता म्हैस साहेबांच्या आवाजात ओव्हरटाइम का केला नाही म्हणून खडसावू लागली. पुढच्या दाबाला साहेबांना शिंगं फुटली, त्याच्या पुढच्या दाबाला शिंगांवरून निगडीची बस सुटली आणि कंडक्टर बेडकाच्या आवाजात सुटे मागू लागला. आपल्यात एवढा माल पडून होता हे दौलतरावांना स्वतःलाच ठाऊक नव्हतं. गुडघे दुखत होते, पण थांबावंसं वाटत नव्हतं.

सहा वाजता विजयश्री आत आली, तर सासरे डोक्यावर कढई घालून टेबलाखाली रांगत होते.

"बाबा, काय झालं तुम्हाला?"

दौलतराव ओशाळून उठायला गेले. तेवढ्यात स्वरूपा दोन्ही हात पसरून आईच्या आडवी आली.

"आई, आजोबा बिघडलेत," ती हळूच म्हणाली. "दुरुस्त करायला कुणाला बोलवू नकोस."